गृहभेट गावोगावी पोचली, पण बायांचं एकत्र बसणं मागे राहिलं

बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर आशाताई त्याच्या घरी सहा वेळा जाते. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. हात धुवायचे, बाळाचं वजन करायचं, ताप मोजायचा, नाळ बघायची, बाळ अंगावर नीट ओढतंय का ते बघायचं, आईची विचारपूस करायची आणि सगळं फॉर्मवर उतरवायचं. तुमच्या-आमच्या गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या घरात ही बाई येऊन गेलेलीच असते.

काय करायचं ते फॉर्मवर लिहिलेलं आहे. घरात काय होतं ते मात्र कुठल्याच फॉर्मवर नाही. सासू म्हणते, पाचवी पुजल्याशिवाय बाळाला काट्यावर ठेवायचं नाही. आई म्हणते दूध पुरत नाही, आणि कोपऱ्यात पावडरचा डबा दिसतो. बाळाचं वजन उतरलेलं असतं, पण बाप ऊसतोडीला गेलेला आणि दवाखान्यात न्यायला घरात कुणी नाही. कधी बाळंतीण काहीच बोलत नाही, नुसती भिंतीकडे बघत बसते. अशा वेळी आशाताईनं काय करायचं? आणि त्याहून मोठा प्रश्न, तिनं विचारायचं कुणाला?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्याच महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वी त्याचं एक चांगलं उत्तर सापडलं होतं. ते जगभर गेलं. आपल्याकडे त्यातलं अर्धंच रुजलं. ही पोस्ट त्या राहिलेल्या अर्ध्याबद्दल आहे. थोडी मोठी आहे, पण सवडीनं वाचा.

जामखेड, १९७०

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आले आणि १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगर) जामखेडला कामाला लागले. दुष्काळी तालुका. रस्ते नाहीत, पाणी नाही, आणि लगेच १९७२ चा दुष्काळ समोर उभा. नोंदी सांगतात की १९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती.

सुरुवातीला त्यांनी सगळे करतात तेच केलं. शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवायच्या असं ठरवलं. ते जमलं नाही. बाहेरची तरुण नर्स एकटीनं खेड्यात राहायला कचरायची, आणि गावातल्या बायका तिच्याशी मनातलं बोलायच्या नाहीत. मग विचार उलटा फिरला. बाहेरची बाई गावात टिकत नसेल, तर गावातल्याच बाईला शिकवायचं. गावानं आपल्यातली एक निवडायची. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. काही दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही विधवा. ज्यांना गावाच्या बैठकीत कुणी बसायला जागा दिली नसती, त्यांच्या हातात आरोग्याचं काम आलं.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते.

या बायांना एकदा प्रशिक्षण देऊन, हातात पेटी देऊन गावाकडे धाडलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत राहिल्या. मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, एकाच खोलीत झोपायच्या. तेव्हाच्या खेड्यात एका जातीच्या बाईनं दुसरीच्या हातचं पाणी पिणंसुद्धा सोपं नव्हतं, हे लक्षात घ्या. आणि हे सगळं एका वर्षात संपलं नाही, वर्षानुवर्षं चाललं. डॉक्टर नवं काही शिकवायचे, जुनं पुन्हा घोटून घ्यायचे. पण बसण्याचा गाभा हा होता की या आठवड्यात तुझ्या गावात काय घडलं ते तू सांग, आणि बाकीच्यांनी ऐकून आपलं मत द्यायचं.

एकीचा अडसर, दुसरीचा तोडगा

यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. बायका जमल्या की बोलणारच. पण जरा खोलात जाऊन बघू.

गृहभेट हे मोठं एकाकी काम आहे. मास्तरच्या शेजारच्या वर्गात दुसरा मास्तर असतो. दवाखान्यातल्या नर्सला हाक मारली की दुसरी नर्स येते. घरोघर जाणाऱ्या बाईला मात्र उंबरठा ओलांडला की कुणी नाही. ती चुकली तर कुणी बघितलं नाही, आणि तिनं कमाल केली तरी कुणी बघितलं नाही. तिचं शहाणपण तिच्याबरोबर त्या घरातच राहतं.

एकत्र बसल्यावर ते बाहेर येतं. समजा एका गावात सासूनं बाळाला चिकाचं दूध पाजू दिलं नाही. डॉक्टर सांगणार, चिकाच्या दुधात बाळाला रोगापासून वाचवणारे घटक असतात. बरोबरच आहे ते. पण सासूपुढे ते कसं मांडायचं, हे डॉक्टरला सांगता येत नाही. ते सांगते शेजारच्या गावची बाई, जिनं मागच्या महिन्यात अशाच एका सासूला तिच्याच गोठ्यातल्या गाईचं उदाहरण देऊन पटवलं. वासराला चीक पाजतेस ना, मग नातवाला का नको? असला युक्तिवाद पुस्तकातून येत नाही. तो एकीकडून दुसरीकडे जातो.

दुसरी गोष्ट हिमतीची. सरपंचापुढे, घरच्या कर्त्या पुरुषापुढे, कधी खुद्द डॉक्टरपुढे तोंड उघडायचं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आपल्यासारखीच दुसरी बाई बोलली आणि आभाळ कोसळलं नाही, हे कानांनी ऐकलं की आपलीही जीभ सुटते.

तिसरी गोष्ट चुकीची. वरच्या साहेबापुढे कुणी चूक कबूल करत नाही, कारण साहेबाच्या हातात शिक्षा असते. बरोबरीच्या बाईपुढे माणूस सांगतो, अगं, माझ्या हातून त्या बाळाचा ताप सुटला बघ. ते ऐकलेल्या दहा जणी पुढच्या घरात थर्मामीटर विसरत नाहीत.

पुढे या बायांच्या गावोगावच्या महिला मंडळांतून आणि तरुण शेतकऱ्यांच्या मंडळांतून हीच बसण्याची रीत पसरली. १९७६ पर्यंत संस्थेच्या नोंदींत बालमृत्यूचा आकडा १७६ वरून ५२ वर आला होता. याला फक्त ही बैठक कारणीभूत, असं म्हणणं खोटं ठरेल. पाण्याची सोय, पोषण, लसी, फिरतं वैद्यकीय पथक, दवाखाना, सगळ्यांचा हात त्यात आहे. पण हे सगळं घरापर्यंत नेणारी जी बाई होती, ती दर आठवड्याच्या त्या बसण्यातून घडली.

त्यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला एका परिषदेत बोलल्या, ती हकीकत प्रसिद्ध आहे. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना झुंबरांशी केली. देखणी, पण महाग आणि लांब. मग स्वतःजवळची साधी पणती काढून दाखवली आणि सांगितलं की पणतीवरून पणती लावता येते, झुंबराचं तसं होत नाही. आपण एकमेकींना शिकवतो, ही आपली ताकद आहे हे त्यांना पक्कं कळलं होतं.

दिल्लीनं काय उचललं

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथं सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा झाला, तेव्हा ज्या कामांकडे बोट दाखवलं जायचं त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दरम्यान जनता सरकारनं २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. दर हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिने प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश कसा मिळणार? निवडीत गावपुढाऱ्यांचा हात राहिला. आणि तीन महिन्यांचं प्रशिक्षण संपलं की माणूस एकटा. पुन्हा एकत्र बसायचं, शिकायचं, अडचण मांडायची, याची घट्ट व्यवस्था नव्हती. योजनेचं नाव बदललं, आरोग्य रक्षक झाले, आणि पुढच्या काळात ती विरून गेली. आपल्या गावात असा कुणी होता का, हे आता जुन्या माणसांनाच विचारावं लागेल.

सरकारनं माणूस उचलला, पेटी उचलली. त्या माणसाला टिकवणारी आठवड्याची बैठक मात्र जामखेडलाच राहिली.

गडचिरोलीची भर

दुसरा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८५ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला त्यांनी गावातल्या सुईणींनाही शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी बसवलेलं एक साधं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या आत मणी संपले तर बाळाचा श्वास धोक्याचा.

१९९३ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांच्या सेवेचा अभ्यास सुरू झाला. गावातल्याच जेमतेम शाळा शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. इथली रीत जामखेडपेक्षा वेगळी होती. शिकवणं टप्प्याटप्प्यानं, आधी बघायला आणि नोंदवायला शिकायचं, मग उपचार. आणि शिकवल्यावर त्या गावात जाऊन, काम खरंच होतंय का ते ठरावीक काळानं तपासायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावांच्या मानानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. आज आशाताई ज्या गृहभेटी करते त्यांचं मूळ इथं आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत आशांमार्फत देशभर लागू केली.

जामखेड आणि गडचिरोली दोन वेगळ्या वाटा. पण एका गोष्टीवर दोन्हींचं एकमत दिसतं. घरोघर जाणारी बाई एका प्रशिक्षणात तयार होत नाही. ती शिकत राहावी लागते, आणि शिकायला तिला दुसरी माणसं लागतात.

अडाणी बायांनाच असली गरज असते, असंही समजू नका. लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकल बालिंट नावाच्या डॉक्टरनं तिथल्या फॅमिली डॉक्टरांना असंच एकत्र बसवायला सुरुवात केली. प्रत्येकानं आपल्या एखाद्या अवघड पेशंटबद्दल बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चर्चा. 'बालिंट गट' या नावानं ही रीत आजही जगभर चालू आहे. पदव्या असलेल्यांना जे लागतं, ते आशाताईला का लागू नये?

कागदावर आहे, खोलीत नाही

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि आशा आली. आज महाराष्ट्रात त्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे. नवजात बाळाच्या भेटींसाठी त्यांना २० दिवसांचं प्रशिक्षण ठरलं, तेही चार टप्प्यांत. म्हणजे गडचिरोलीचा धडा घेतला गेला. काही आशांच्या मागे एक गटप्रवर्तक नेमली गेली, तिनं गावात जाऊन हाताशी धरून शिकवायचं. पीएचसीत महिन्याची मीटिंग ठरली. अंगणवाडीच्या बाजूनं २०१८ च्या पोषण अभियानात तर याचा खास विचार झाला. आयएलए नावाची पद्धत आली, २१ विषय, दर महिन्याच्या मीटिंगला थोडं शिकायचं, गावात जाऊन करून बघायचं, पुढच्या मीटिंगला येऊन अनुभव सांगायचा. कल्पना म्हणून ही जामखेडची सख्खी नातच.

म्हणजे कागदावर सगळं आहे. आता प्रत्यक्ष मीटिंग बघा.

तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करताना अशा मीटिंगांच्या आसपास माझं येणं-जाणं असतं. चित्र साधारण ठरलेलं. दूरच्या गावातल्या बाया पदरचं भाडं खर्चून येतात. आधी रजिस्टर तपासणी. कुणाचं काम किती बाकी, कुणाचा सर्व्हे अपुरा, कुणाची ऑनलाइन एन्ट्री झाली नाही. मग वरून आलेल्या नव्या मोहिमेच्या सूचना. मग मोबदल्याचे फॉर्म. तोवर दुपार टळते आणि एसटीची वेळ होते. "तुमच्या गावात या महिन्यात अवघड काय गेलं?" हा प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. बायांचं खरं बोलणं होतं ते बाहेर झाडाखाली, डबा उघडल्यावर. शिकणं होतं ते तिथंच, पण ते कामाच्या वेळेत कुणी धरत नाही.

कोविडच्या काळात सगळं व्हॉट्सअपवर गेलं आणि बरंचसं तिथंच राहिलं. व्हॉट्सअप ग्रुपवर सूचना वरून खाली येते, फोटो खालून वर जातो. आडवं, बाईकडून बाईकडे, काही जात नाही. कारण ग्रुपमध्ये साहेब असतात. ज्या ग्रुपमध्ये साहेब आहेत तिथं कोण लिहील की मला हे जमलं नाही? २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. निकृष्ट फोन हे कारण होतंच. पण माहिती भरणं हेच काम होऊन बसलंय, हा वैतागही त्यात होता.

गटप्रवर्तकांची तीच गत. हाताशी धरून शिकवायला नेमलेली बाई आता अहवाल गोळा करणारी झाली आहे.

दुसरी बाजू

यावर आरोग्य खात्यातला एखादा अधिकारी म्हणेल, जामखेड म्हणजे मोजकी गावं आणि झोकून देणारे दोन डॉक्टर. सत्तर हजार बायांची आठवड्याला बैठक कशी घेणार? मुद्दा खरा आहे. आठवड्याचा मुक्काम सरकारी व्यवस्थेत होणार नाही. पण महिन्याची मीटिंग आधीच होते आहे. नवी बैठक मागतच नाही कुणी, आहे त्या बैठकीतले दोन तास मागायचे आहेत.

दुसरं, पैशाचं. आशाला बरंचसं काम नगावर मिळतं. ठरलेल्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की एका बाळामागे २५० रुपये. तिला आधी हक्काचं मानधन द्या, मग शिकण्याच्या गोष्टी करा, असं कुणी म्हटलं तर चूक नाही. एकत्र बसणं हा पगाराला पर्याय नाही. पण इथंही एक गंमत बघा. २०२३ च्या दिवाळीच्या आसपास राज्यभरातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, पुढे २०२४ मध्ये आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या. मागण्या मानधनाच्या होत्या. पण वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बाया दिवसचे दिवस शेजारी बसल्या, तेव्हा त्या एकमेकींशी कामाबद्दलही बोलल्याच असणार. सरकारनं जे एकत्र बसणं दिलं नाही, ते त्यांना संपाच्या मांडवात मिळालं. ही गोष्ट व्यवस्थेसाठी फारशी अभिमानाची नाही.

यात अडलंय काय?

अडलंय बाळ. नवजात बाळाचा जीव जातो तो बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत, आणि फार लवकर. सकाळी थोडं कमी ओढणारं बाळ संध्याकाळपर्यंत गार पडू शकतं. ते "थोडं कमी" ओळखायला नजर लागते. ती नजर अशी बाळं पाहिलेल्या दहा बायांच्या बोलण्यातून तयार होते. फॉर्मवर टिक केल्यानं होत नाही.

बाळ गेल्यावर चौकशी होते. गृहभेट झाली होती का? किती तारखेला? सही आहे का? नोटीस निघते. पण त्या बाईला त्या दिवशी शंका आली होती का, आणि आली असेल तर ती कुणाला विचारू शकत होती, हे चौकशीच्या कागदावर कधीच नसतं.

करण्यासारखं अवघड काही नाही. महिन्याच्या मीटिंगचे पहिले दोन तास रजिस्टरला हात लावायचा नाही. आठ-दहा जणींचे गट करायचे. प्रत्येकीनं या महिन्यातल्या एका घराबद्दल बोलायचं, घराचं नाव न घेता, कारण घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली तर उद्या दार उघडणार नाही. त्या दोन तासांत साहेबांनी एक तर बाहेर थांबायचं किंवा नुसतं ऐकायचं. जुन्या, हात बसलेल्या आशांनी गट चालवायचा. आणि ज्या प्रश्नाला गटात उत्तर सापडलं नाही, तेवढाच मेडिकल ऑफिसरसमोर ठेवायचा. येण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी वेळेवर द्यायची. यासाठी नवा जीआरसुद्धा लागणार नाही. एका पीएचसीच्या डॉक्टरनं ठरवलं तरी पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.

आपल्या हातातही काहीतरी आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे ते माहीत करून घ्या. पुढच्या ग्रामसभेत आशाताईंचा अहवाल आला की फक्त आकडे ऐकून टाळ्या वाजवू नका. उठून विचारा, ताई, मीटिंगमध्ये तुम्हाला बोलायला मिळतं का?

तालुक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असतील तर त्यांनीही कमेंटमध्ये आपलं म्हणणं जरूर मांडावं. आणि आशाताई, अंगणवाडीताई, तुमच्यापैकी कुणाच्या पीएचसीत किंवा बीटात असं बसणं आजही चालू असेल तर अवश्य कळवा. त्याच्यावर पुढची पोस्ट लिहीन.